सायप्रसची हिरवी रेषा ओलांडताना: तुमचे अनुभव

राजधानी निकोसियात पलीकडे जाता येतं का, हे सायप्रसला निघालेला प्रत्येक जण विचारतो. येतं, पण तुम्ही बेटावर कुठून उतरलात त्यावर बरंच ठरतं. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे: दक्षिणेला सायप्रस प्रजासत्ताक, उत्तरेला फक्त तुर्कस्तानची मान्यता असलेलं सरकार आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे हिरव्या रेषेवर, संयुक्त राष्ट्रांचं सैन्य. ओलांडून आलेल्यांनी लिहा: कुठला नाका, कुठला पासपोर्ट, पायी की गाडीने. ऐकीव गोष्टी नकोत.

लिमासोलहून
नवरा जहाज कंपनीत, त्यामुळे घरी पाहुण्यांचा राबता. येईल त्याला निकोसियातला लेड्रा स्ट्रीट दाखवावाच लागतो. भर बाजारात कपड्यांची दुकानं संपतात, सायप्रस पोलिसांची चौकी लागते, मग थोडा ओसाड तुकडा आणि पुढे उत्तरेची खिडकी. हा नाका २००८ च्या एप्रिलमध्ये उघडला. मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. आमच्याकडचे भारतीय पासपोर्टवाले आरामात गेले-आले. सगळ्यांकडे सायप्रसचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना होता. दक्षिणेच्या चौकीवर बाहेर पडल्याचा शिक्का मारत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तुम्ही देश सोडलेलाच नसतो.

परतताना पिशव्या बघतात. सिगारेटी ४०, दारू १ लिटर, इतर वस्तू २६० युरोपर्यंत. सासूबाईंच्या बटव्यात सुपारी निघाली. ती काय असते हे त्या पोलिसाला समजावण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला!

दुबईहून
दक्षिणेत लार्नाकाला भाड्याची गाडी घेतली. कंपनीने आधीच बजावलं, उत्तरेत न्यायची नाही. म्हणून ओळखीच्यांच्या गाडीने आयोस दोमेतिओसवरून गेलो. तुर्की बाजूला त्याच नाक्याला मेतेहान म्हणतात. दक्षिणेचा विमा पलीकडे चालत नाही, नाक्यावरच वेगळा घ्यावा लागतो. तोही थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीला काही झालं तर खर्च आपला. तिकडे चालणारा तुर्की लिरा घसरल्यापासून दक्षिणेतली माणसं पेट्रोल भरायला तिकडे जातात, म्हणून सुट्टीच्या दिवशी रांग ठरलेली. आणि मोबाइलचा डेटा बंद ठेवा. युरोपचं रोमिंग तिथे लागू नाही, आणि रेषेजवळ फोन आपसूक तुर्की नेटवर्क पकडतो.

लंडनहून
इस्तंबूलमार्गे एर्जानचं, म्हणजे उत्तरेतल्या विमानतळाचं, तिकीट स्वस्त पडत होतं. चौकशी केल्यावर बेत बदलला. प्रजासत्ताक एर्जानला अधिकृत प्रवेशद्वार मानत नाही आणि तिथून आलेल्या बिगर-युरोपीय प्रवाशाला दक्षिणेत येण्यापासून रोखू शकतं. ब्रेक्झिटनंतर आम्ही ब्रिटिश पासपोर्टवालेही त्याच रांगेत. सोबतची मैत्रीण जर्मन नागरिक. ती एर्जानला उतरली आणि लेड्रावरून चालत आम्हाला येऊन भेटली.

लेफकोशाहून (उत्तर निकोसिया)
वरच्या अनुभवाची दुसरी बाजू. मी इथल्या विद्यापीठात शिकतो. एजंटने ‘युरोपात शिक्षण’ असं सांगून पाठवलं. सायप्रस २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला हे खरं, पण युनियनचे कायदे या भागात स्थगित आहेत, हे सांगायला तो सोयीस्कर विसरला. मी एर्जानवरून आलो आणि दक्षिणेचा व्हिसा नाही, त्यामुळे लेड्राला पोलिसाने पासपोर्ट चाळून परत पाठवलं. भारताचं उच्चायुक्तालय त्याच शहरात, पण पलीकडे. उद्या पासपोर्ट हरवला तर तिथवर पोहोचायचं कसं? घरून कुणी मुलाला इकडे पाठवत असेल तर फीच्या आधी हे विचारा.

पुण्याहून
उत्तरेतलं फामागुस्ता शहर बघायचं असेल तर निकोसियाला वळसा नको. २०१८ मध्ये देरिनियाचा नाका उघडलाय, तो जवळ पडतो. वारोशा या तिथल्या ओस पडलेल्या वस्तीचा काही भाग २०२० पासून फिरायला खुला आहे. तिथे दोरीच्या आतल्या इमारतींत शिरायचं नाही. लष्करी चौक्यांचे फोटो कुठल्याच बाजूला काढू देत नाहीत. आमच्यातल्या एकाला सैनिकाने उभं करून फोटो पुसायला लावला, अगदी नम्रपणे.

जाता जाता: संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या फौजेचे प्रमुख असताना भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या १९६५ च्या डिसेंबरात याच बेटावर वारले. आमच्या गाइडला ते नाव तोंडपाठ होतं, आमच्या गटातल्या निम्म्यांना नव्हतं.