द्विपद वितरण: आधी सूत्र की आधी अटी?

कृष्णाकाठ (सांगली): द्विपद वितरण म्हणजे ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल, त्याची संभाव्यता. बारावीच्या पोरांना त्याचं सूत्र पाठ असतं, पण "ते इथं का लावलंस?" विचारलं की गप्प. पाकिटावर उगवण ९०% लिहिलंय म्हणजे दहातली नऊ बियाणं उगवणारच, असं सगळ्यांना वाटतं. गणित मांडा: बरोबर नऊ उगवण्याची संभाव्यता जेमतेम ०.३९, आणि दहाच्या दहा उगवण्याची ०.३५! माझं मत, पहिला आठवडा सूत्र फळ्यावर आणूच नका. प्रयत्न किती ते ठरलेलं हवं, निकाल दोनच, संभाव्यता कायम, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही. आधी एवढंच घोटून घ्या.

फळाडस्टर: आठवडा? तुम्ही वर्गावर शिकवलंय का हो कधी? पेपरात किमती दिलेल्या असतात, सूत्रात घालायच्या, गुण घ्यायचे. वीस गणितं सोडवली की अटी आपोआप कळतात.

माणदेशी: नाही कळत, सर. हळदीत कंदकूज एका गड्ड्याला लागली की शेजारच्यालाही लागते. तिथं कसली स्वतंत्रता? पण "दहापैकी तीन सडले" एवढं वाचलं की पोरं द्विपदच लावणार.

कॉमर्सवाली: मी फळाडस्टर सरांच्या बाजूनं. आम्हाला प्वासाँ वितरणही आहे, क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील ते सांगणारं. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिविचनं १८९८ साली प्रशियाच्या घोडदळात लाथ बसून मेलेल्यांचे आकडे मांडले. एका सैन्यदलाचं एक वर्ष म्हणजे एक नोंद; अशा २०० नोंदींपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नाही. सरासरी ०.६१ घालून सूत्र काय देतं? १०८.७! ही गंमत सूत्राशिवाय दाखवून दाखवा.

कृष्णाकाठ: ताई, लाथा एकमेकींवर अवलंबून नाहीत आणि क्वचितच बसतात, म्हणून आकडा जुळला. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आठवा. उष्मांकांच्या सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित, हे त्यांना मान्य नव्हतं. निरोगी माणसांतही गरज कमीजास्त असते, म्हणून कुपोषणाची रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) खाली धरा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अर्थतज्ज्ञांत केवढं रण माजलं! तो वाद काय सूत्र चुकलं म्हणून झाला?

फळाडस्टर: भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलन काढता येत होतं ना? मग आधी तेवढं शिकवू द्या की. बाकी माणदेशी, तुमचा कंदकुजीचा प्रश्न नीट लिहून पाठवा. सराव परीक्षेत घालतो. गुण दोनच देणार.