वॉलेटमध्ये मंजुरी दिली, पण ॲपमध्ये व्यवहाराचा हॅश येत नाही

सुभाषनगरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी चपला हातानं होतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी गिऱ्हाइकाला जोड कुणी केला ते कळत नाही. म्हणून ॲप करतोय. कारागीर जोडाचा फोटो काढतो, आणि जोडाचा नंबर व फोटोचा हॅश (फोटोवरून काढलेला ठशासारखा आकडा) इथेरियम ब्लॉकचेनवरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे तिथं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नोंदवतो. सध्या सेपोलिया टेस्टनेटवर (इथेरियमच्या चाचणी नेटवर्कवर) आहे. ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये, वॉलेट (व्यवहारावर सही करणारं वेगळं ॲप) वॉलेटकनेक्टनं जोडलंय.

‘नोंद करा’ दाबलं की वॉलेट उघडतं, वडील मंजुरी देतात, आणि ॲपमध्ये परत आलं की चाक फिरतच राहतं. एक्स्प्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) व्यवहार झालेला दिसतो. वडिलांच्या जुन्या अँड्रॉइडवर हे जास्त होतं. मग ते परत बटण दाबतात आणि एकाच जोडाच्या दोन नोंदी पडतात. काय करू?

रंकाळाकाठ:
भावा, व्यवहार तुझं ॲप पाठवतच नाही. ॲप फक्त विनंती करतं. सही वॉलेट करतं आणि नेटवर्कवर टाकतंही तेच, कारण प्रायव्हेट की (सहीची गुप्त किल्ली) त्याच्याकडं असते. विनंती आणि उत्तर मधल्या रिले सर्व्हरवरून वेबसॉकेटनं, म्हणजे सतत उघड्या जोडणीनं, जातात. वॉलेट समोर आलं की तुझं ॲप मागं पडतं, आणि बॅटरी वाचवायला फोन ते सॉकेट बंद करू शकतो. उत्तर नेमकं तेव्हाच आलं तर हुकतं.

ॲप परत समोर आलं की सॉकेट पुन्हा जोड, पण व्यवहाराच्या हॅशवर (त्याच्या ओळख क्रमांकावर) अवलंबून राहू नकोस. वॉलेट उघडण्याआधी जोडाचा नंबर फोनमध्ये साठव आणि बटण बंद कर. परत आल्यावर आरपीसीनं (नेटवर्कला प्रश्न विचारायची सोय) थेट कॉन्ट्रॅक्टला विचार, हा नंबर नोंदलाय का? नुसतं वाचायला गॅस (व्यवहाराचं शुल्क) लागत नाही, वॉलेटही उघडावं लागत नाही. नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) यायला साधारण १२ सेकंद लागतात, तेव्हा थोड्या थोड्या वेळानं विचारत राहा. आणि कॉन्ट्रॅक्टमध्येच अट घाल: नंबर आधी नोंदला असेल तर रिव्हर्ट, म्हणजे व्यवहार रद्द. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बटण दोनदा दाबणारा माणूस कायम असणारच.

व्यवहाराचा हॅश मिळाला तरी नोंद झाली असं समजू नकोस. रिसीटमध्ये स्टेटस १ आलं तरच झाली. ० म्हणजे व्यवहार फसला आणि गॅसही गेला.

राजारामपुरी_कोडर:
वॉलेटकडं सेशन (जोडणी) मागताना सेपोलियाचा चेन आयडी (नेटवर्कचा क्रमांक) १११५५१११ दिलाय ना तेही बघ. तो नसला तर काही वॉलेट उघडतात, पण मंजुरीचा पडदाच येत नाही. तुझी अडचण ती दिसत नाही, पुढं येणाऱ्यांसाठी लिहितेय.

मला काळजी वडिलांची वाटते. मेननेटवर (खऱ्या नेटवर्कवर) गेल्यावर प्रत्येक जोडामागं गॅस त्यांनी का भरावा? त्यांच्याकडून फक्त ईआयपी-७१२ ची सही (ठरलेल्या नमुन्यातल्या माहितीवरची, गॅस न लागणारी सही) घे. व्यवहार तुझा सर्व्हर पाठवेल, गॅसही तोच भरेल. आणि वॉलेटचे १२ गुप्त शब्द (ज्यांवरून अख्खं वॉलेट उघडता येतं) ॲपमध्ये कधीही, कुठल्याही कारणानं मागू नकोस.

सुभाषनगरकर:
दोघांचे मनापासून आभार. अट आजच घालतो. सहीचा मार्ग फार पटला. अजून एक विचारतो: चपलेवरची वेणी आई घालते. तिचंही नाव नोंदीत हवं. एका जोडावर दोन सह्या चालतील का?

राजारामपुरी_कोडर:
चालतील. दोघांनी त्याच नंबरवर आणि फोटोच्या हॅशवर सही करायची. कॉन्ट्रॅक्ट दोन्ही सह्यांवरून वॉलेटचे पत्ते काढून तपासेल, मगच नोंद होईल. आईंचं वॉलेट त्यांच्याच फोनवर असू दे.