दहा किलो उतरलं, त्यातलं चार परत आलं. आता नेमकं काय बदलायचं?

माजघर

वय ४२, उंची १५८ सेंमी. वजन ७ महिन्यांत ७४ वरून ६४ वर आलं आणि पुढच्या ५ महिन्यांत ६८ झालं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. उतरवताना दिवसातून दोनच जेवणं, भात-साखर पूर्ण बंद आणि ४५ मिनिटं चालणं. चालणं अजून चालू आहे.

सध्याचा दिवस: दोन चहा (दीड-दीड चमचा साखर), सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी २ पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री १ भाकरी आणि पिठलं किंवा भाजी. सोमवारी उपवास, साबुदाणा खिचडी. शाकाहारी, अंडी चालतात. घरात चार माणसं, महिन्याला तेलाचा ५ लिटरचा एक डबा.

बाहेरचं खाणं जवळजवळ नाही. मग वाढतंय कुठून? पुन्हा दोन जेवणांवर जावं का?

चिमूटभर

आधी हिशोब. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. चार किलो म्हणजे ३०,८००, त्याला १५० दिवसांनी भागलं तर रोजच्या २०५ कॅलरी. चहाच्या चमच्याने पाच चमचे तेल जास्त झालं की तेवढ्या भरतात, म्हणून ताटाकडे बघून वाढ दिसत नाही. शिवाय हे चारही किलो चरबीचे नसणार. भात-साखर परत सुरू झाली की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) भरतं, आणि ते स्वतःच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतं. त्यातला किलो-दीड किलो पहिल्या आठ-दहा दिवसांतच आलेला असू शकतो.

आता वाढतंय कशामुळे, ते. शरीर ७४ किलोचं होतं तेव्हाची गरज ६४ किलोला राहत नाही. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेला अंदाज असा: घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो, पण भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलोला खर्च दोन-तीनशेने कमी आणि भूक त्याच्या कितीतरी पट जास्त. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. त्यामुळे "माझा निश्चय कमी पडला" हे मनातून काढून टाका. ही ओढ शरीराची आहे, तिला पुरून उरेल अशी स्वयंपाकघरातली व्यवस्था लावावी लागते.

दोन जेवणांवर परत जाऊ नका असं माझं मत. ती पद्धत ज्यांना आयुष्यभर झेपते त्यांनी जरूर करावी. तुम्ही ती सोडली, कारण ती तुमच्या दिवसात बसली नाही, आणि पुन्हा केली तर पुन्हा सुटेल. आधी दोन महिने ६८ वर स्थिर राहा, कमी करायला जाऊच नका. वजन आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचानंतर, आणि बघायची ती तिन्हींची सरासरी. पाळीच्या आधी किंवा पापड-लोणच्यानंतर किलोभर वर जाणं हे पाणीच असतं.

तराजूकाटा

तेलाबद्दल लिहितो, कारण मला सगळ्यात मोठी गळती तिथेच दिसते.

५ लिटर तेल म्हणजे साधारण ४,५५० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे प्रत्येकी ३८ ग्रॅम. तूप आणि शेंगदाणे वेगळेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. तुमची गरज १,६००–१,७०० च्या आसपास असेल, म्हणजे २० ते २२ ग्रॅम. फरक १६ ग्रॅमचा, जवळजवळ दीडशे कॅलरी. वर काढलेल्या २०५ पैकी बराचसा भाग इथेच सापडला. (तळणीचं उरलेलं तेल टाकत असाल तर तेवढं वजा करा.)

उपाय: डब्यातून थेट कढईत ओतणं बंद. सोमवारी सकाळी ७०० मिलीची एक बाटली भरायची, चौघांचा आठवडा तेवढ्यात. शनिवारी संपली तर कशात गेलं ते लगेच आठवतं, महिनाअखेर आठवत नाही. फोडणीला पसरट कढई घेतली की तळ झाकायलाच तेल जास्त लागतं. लहान लोखंडी कढई घ्या, दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की भाजी, आणि वर झाकणात पाणी ठेवून वाफ. भाजी करपत नाही, कारण झाकणाखाली वाफ धरून राहते आणि तेच पाणी लागेल तसं आत घालता येतं. घडीच्या पोळीत घडीला अर्धा चमचा आणि वरून अर्धा, असा एक चमचा सहज जातो. दोन पोळ्यांना ८० कॅलरी. फुलका केला तर त्या वाचतात.

दाण्याचं कूट विसरू नका. दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम, ११० पेक्षा जास्त कॅलरी. भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, उपवासाची आमटी, तिन्हीकडे ते "चवीपुरतं" म्हणून पडतं. कूट पौष्टिक आहे, बंद करू नका, चमच्याने घाला, मुठीने नको.

मोड आलेली मटकी

तेलाचं पटलं, पण नुसतं तेल कमी करून भूक कशी आवरणार? माझ्या मते या ताटातला खरा दोष प्रथिनांचा आहे.

घरच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम १५ ग्रॅम, त्यात प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम. पोहे, पोळी, भात, भाकरी धरून तुमचा दिवस ४० च्या वर जाईल असं वाटत नाही. वजन टिकवताना किलोमागे निदान १ ग्रॅम हवं, म्हणजे ६५ च्या पुढे. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) ते असं बसतं: सकाळी ६० ग्रॅम मुगाची धिरडी आणि १०० ग्रॅम दही, साधारण १८. दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, एक ज्वारीची भाकरी, दीडशे ग्रॅम दही, साधारण २०. संध्याकाळी चहाबरोबर ३० ग्रॅम फुटाणे, ६. रात्री दोन उकडलेली अंडी किंवा ६० ग्रॅम पनीर, घट्ट वरण ४० ग्रॅम डाळीचं, एक फुलका, २३–२४. भात हवाच असेल तर फुलक्याऐवजी, फुलक्यासोबत नाही. आणि जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर व उसळ, मग भाकरी.

सोमवारचं बघा. खिचडीच्या बशीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाणे, दोन चमचे तूप, वर बटाटा. साडेचारशेच्या पुढे कॅलरी, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नाहीतच म्हणा. दोन तासांत परत भूक लागते आणि मग वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू. उपवास पाळायचाच असेल तर राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, दुपारी भगर थोडी आणि दही भरपूर, मध्ये ताक, काकडी, एखादं फळ.

चालण्याला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १२ वेळा, भिंतीवर हात टेकून दंड १०, दोन्ही हातांत ३–३ किलोच्या पिशव्या घेऊन वर उचलणं १०. असे तीन फेरे. उतरलेल्या वजनात स्नायूही गेलेले असतात, आणि परत येते ती मुख्यतः चरबी.

कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. आपल्याकडे बायकांना ८० सेंमीची मर्यादा धरतात, पुरुषांना ९०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्याची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्या लोकांनी नुसत्या काट्यावर विसंबू नये.

माजघर

मनापासून आभार. दोन शंका. ४० ग्रॅम मटकी रोज कोण मोजत बसणार? आणि वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांची हल्ली चर्चा आहे त्यांचं काय?

चिमूटभर

इंजेक्शनं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. काम करतात, पण त्यांतल्याच सेमाग्लूटाइड या औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं. तेव्हा ती घेतली तरी वरचं ताट लागणारच.

तराजूकाटा

रोज मोजायचं नाही, एकदाच. साधा स्वयंपाकाचा काटा घ्या. कोरडी मटकी ४० ग्रॅम तोलून एका वाटीत घाला, कुठपर्यंत आली तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. डाळीची आणि भाकरीच्या पिठाची (६० ग्रॅम) तशीच. या तीन वाट्या डब्यांतच ठेवून द्या. तोलायचं कोरडंच, शिजवलेलं नाही, कारण वरणात पाणी किती घातलं त्यावर वजन रोज बदलतं.