मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी रायफलचं काडतूस .२४३ की .३०८?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या गन सीझनला (बंदुकीने शिकारीचा हंगाम) पहिल्यांदाच व्हाइटटेल हरणासाठी जायचंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, अडलंय ते काडतुसावर. जागा दाट झाडीची, पल्ला फार तर १०० यार्ड. .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी रेंजवर झाडून पाहिली, पण धक्का असा की पुढच्या बाराला डोळे आपोआप मिटतात. .२४३ ची १०० ग्रेनची सोसते, नेमही बसतो. पण ती हरणाच्या खांद्याच्या हाडावर लागली तर पुरेशी आत शिरेल का? जखमी होऊन झाडीत तडफडणारं जनावर मला अजिबात नकोय. मग ६.५ क्रीडमूर या तिसऱ्या काडतुसाची रायफल घ्यावी का? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायची सोय नाही. ज्यांनी स्वतः हरीण पाडलंय त्यांनी कृपया सांगा, गोळी कोणत्या प्रकारची वापरली तेही.