अनुभव लिहा: ध्येय ठरवलं आणि तडीला गेलं, ते कशामुळे?

धंद्यातलं असो की घरातलं, एखादं ध्येय तुम्ही ठरवलंत आणि ते खरंच पुरं झालं असेल, तर ठरवताना नेमकं काय केलं होतं ते इथे लिहा. जिद्द हवी, सातत्य हवं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आकडा कुठला धरला, तारीख कशी काढली, काय सोडून दिलं, घरच्यांना कसं सांगितलं, असं लिहा. सुरुवात मीच करते.

फराळवाली, डोंबिवली

दिवाळीच्या फराळाचा माझा घरगुती व्यवसाय आहे. यंदा किती किलोच्या ऑर्डरी घ्यायच्या, हे मी ध्येय म्हणून धरत नाही. किलोमागे हातात किती उरलं पाहिजे, ते धरते. भाजणी, तेल, गॅस, डबे, मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी, आणि माझी स्वतःचीही मजुरी, हे सगळं वजा करून. ही शेवटची ओळ घातली आणि करंजी यादीतून गेली. तिच्यात हात फार गुंततात आणि भाव तेवढा मिळत नाही. चकली मात्र भरपूर घेते.

तारीख अनारसे ठरवतात. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून दळायचे, गूळ घालून पीठ पुढचे चार-पाच दिवस मुरू द्यायचं. लक्ष्मीपूजन कोजागिरीनंतर पंधरा दिवसांवर, म्हणून कोजागिरीला अनारशांच्या ऑर्डरी बंद. नवरात्रातच ग्रुपवर टाकून ठेवते. एकदा सख्ख्या नणंदेचा नंतर फोन आला, तिलाही म्हटलं, "वन्सं, चिवडा देते, अनारसे नाही जमणार." त्या रागावल्या नाहीत. तारीख सगळ्यांना एकच आहे हे माणसांना कळतं.

बागाईतदार, निफाड

ताई, करंजीचं वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडेही हाच विषय आहे. द्राक्षात पूर्वीपासून बोलायची रीत एकरी किती टन निघाले अशी. मी आणि सौ.ने निर्यातीचं ठरवलं तेव्हा टन बाजूला ठेवले आणि मणी धरला: 18 मिलिमीटर जाडी, गोडी 18 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास, आणि औषधाचा उर्वरित अंश मर्यादेच्या आत. एवढं जमलं तर माल युरोपला जातो, नाहीतर बाजार समितीच्या भावात.

हे तीन आकडे एकदा धरले की त्यांच्यावरूनच मागची कामं निघतात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने. अपेडा म्हणजे शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था, तिच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंदणी वेळेत हवी. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, ते पत्र्याच्या शेडमध्ये खडूने लिहिलेलं असतं, म्हणजे फवारणीवाल्या पोरालाही विचारावं लागत नाही.

सगळ्यात अवघड काम घड काढायचं. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत घड दिसायला लागतात आणि वेल भरलेली असते. त्यातले ठरावीकच ठेवायचे, म्हणजे त्यांचे मणी नीट भरतात, बाकीचे कात्रीने खाली. चांगले, हिरवेगार, निरोगी घड. पहिल्या वर्षी आबांना ते बघवेना. ते बांधावर जाऊन पाठ करून बसले. मी त्यांना समजावत बसलो नाही, दोन ओळी त्यांच्या मनासारख्या राखल्या. काढणीला दोन्हीकडचे मणी त्यांच्याच हातात दिले आणि गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये त्यांनाच बघायला लावलं. पुढच्या हंगामात कात्री आबांच्या हातात होती.

घरातही आम्ही तसंच केलं. ट्रॅक्टर, वरचा मजला आणि थोरलीचं पुण्यातलं शिक्षण, तिन्ही एकाच वेळी डोक्यात होती. वहीत फक्त शिक्षण लिहिलं. मजल्याच्या सळया अजून वर आलेल्या दिसतात, पाहुणे विचारतात. पोरगी शेवटच्या वर्षाला आहे.

सातारकर५८

मधुमेह आहे. डॉक्टरांनी एचबीएवनसी सातच्या खाली आणायला सांगितलं. ती रक्ताची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, म्हणजे आज संध्याकाळी मी काय करायचं ते तिच्यातून कळत नाही. म्हणून माझं ध्येय एवढंच ठेवलं: रात्री ताट उचललं की पायात बूट. सौ. सोबत येते. आकडा आता सातच्या खाली आहे, गोळ्या चालू आहेत.

एचआरवाली, पुणे

सातारकर काका, तुम्ही केलंत त्यावर पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं मोठं काम आहे. नुसतं "करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त पार पडतं, हे त्याने प्रयोगांतून दाखवलं.

कंपनीत आम्ही सगळ्यांकडून "स्मार्ट गोल्स", म्हणजे पाच निकषांवर तपासून घेतलेली ध्येयं, भरून घेतो. ही कल्पना जॉर्ज डोरानने 1981 साली मांडली. त्याच्या पाच निकषांत एक होता: हे काम कोण करणार? आज बहुतेक तक्त्यांतून तो गळालाय, तिथे "साध्य होण्याजोगं" आलंय. मला हा बदल नुकसानीचा वाटतो, आणि घरी तर फारच. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन यंदा करायचं, यावर आम्हा भावंडांचं कायम एकमत. मग एका रविवारी नावं लिहिली: तपासणीला दादा नेणार, विम्याचे कागद मी बघणार, ऑपरेशननंतरचा आठवडा वहिनी रजा घेणार. दसऱ्याच्या आत दोन्ही डोळे झाले.

मस्कतहून

माझं छोटंसं. वर्षभरात ज्ञानेश्वरी वाचायची होती. अध्याय 18, म्हणून महिन्याला दीड अध्याय असा हिशेब कुणीही करेल. पण पहिला अध्याय 275 ओव्यांचा आणि अठरावा 1800च्या वर. सगळ्या मिळून नऊ हजारांवर ओव्या आहेत. रोज 25 धरल्या, ऑफिसची बस येण्याआधी. वर्षात पूर्ण झाली. आता दुसऱ्यांदा चालू आहे, या वेळी रोज दहाच, अर्थासकट.

नवीन_बाग

निफाडकर दादा, आमची बाग पहिल्याच फळाची आहे, तासगावकडे. वेलीला किती घड ठेवू? वडील म्हणतात पन्नास.

बागाईतदार, निफाड

भाऊ, पहिल्या फळाला पन्नास नको. मी जुन्या बागेत तीस-पस्तीस ठेवतो, पण ते वेलींमधलं अंतर आणि काडीची जाडी बघून. तुमची काडी पेन्सिलीपेक्षा बारीक असेल तर आणखी कमी करा. छाटणीची तारीख आणि काडीचा फोटो टाका, मग नीट सांगतो. आणि वडिलांसाठी दोन ओळी राखा.