मेंटरिंगचे ग्रुप मिक्स पाडायचे का सारख्या पोरांचे?

थर्ड_इयरवाला:
सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. यंदा फर्स्ट इयरची वीस पोरं माझ्याकडं मेंटर म्हणून दिलीत, रोल नंबरप्रमाणे. त्यात विडी घरकुलकडच्या दोन तेलुगू पोरी आहेत त्या एकमेकींशीच बोलतात, अक्कलकोट साइडचा कन्नड मीडियमचा एक पोरगा तर महिनाभर नुसती मान हलवतोय. एम-वनच्या (फर्स्ट इयरचं गणित) टेस्टला तिघंही उडाले. सर म्हणतात मिक्सच पाहिजे. मला वाटतं भाषेप्रमाणे पाडले तर निदान तोंड तरी उघडतील. काय करू?

सातरस्ता:
अमेरिकेत वंशावरून हेच लई घासून झालंय. कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीत 1970 च्या दशकात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइझमननं बघितलं, कॅल्क्युलसमध्ये काळी पोरं का मागं पडतात. अभ्यास भरपूर करायची पण एकटी, आणि चिनी वंशाची पोरं एकत्र बसून एकमेकांचं होमवर्क तपासायची. मग त्यानं सगळ्यांना खुले वर्कशॉप काढले, 'कच्च्यांसाठी' अशी पाटी न लावता, मुद्दाम अवघड गणितं देऊन. रिझल्ट सुधारला. तुमचा ग्रुप बसून करतो काय बे, हजेरी आणि चहा?

प्राजक्ता_ई_अँड_टीसी:
अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ निलांजना दासगुप्तांचा 2017 चा पेपर आहे. इंजिनिअरिंगच्या 150 मुली, काहींना सीनियर मुलगी मेंटर, काहींना मुलगा, काहींना कुणीच नाही. मुलगी मेंटर असलेल्यांपैकी पहिल्या वर्षात एकीनंही इंजिनिअरिंग सोडलं नाही. मार्कांत मात्र फरक पडला नाही हं. त्या दोघींना तेलुगू बोलणारी एखादी ताई जोडून दे, ग्रुप राहू दे तसाच.

बॅकलॉग_क्लिअर:
माझ्या वेळी मेंटर दादानं पहिल्याच मीटिंगला सगळ्यांसमोर सीईटीचं परसेंटाईल विचारलं. आकडा ऐकला की ही ब्रांच कुठल्या सीटवर मिळाली ते पोरं मनात लावतात, जात वेगळी विचारावी लागत नाही. नंतर मी त्या ग्रुपमध्ये एक डाऊट विचारला नाही. दुसऱ्या सेमला होस्टेलवर आमच्यातलेच तिघं भेटले, रात्री जुने पेपर सोडवले तेव्हा कुठं एम-वन निघाला. पण इंटर्नशिपची खबर आमच्यात कुणालाच नसायची, ती मिक्स ग्रुपवाल्यांकडनंच यायची. दोन्ही लागतं, पण आधी पहिलं.

थर्ड_इयरवाला:
परसेंटाईल मीपण विचारलं होतं पहिल्या दिवशी. डोक्यातच आलं नाही.
काल त्या पोराला एकट्याला गाठून मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तर लगेच म्हणाला मॅट्रिक्सची रँक म्हणजे काय तेच कळलं नाही. महिनाभर तिथंच अडकलाय बे तो.