ट्रेनिंगचे तास मोजून कामगार तयार झाला असं म्हणता येतं का?

प्रेसशॉप_चाकण
मार्च जवळ आला की कंपन्यांत एकच घाई सुरू होते: माणशी ट्रेनिंगचे तास भरले का? मग उरलेली सगळी माणसं दोन दिवसांत हॉलमध्ये बसवून आकडा पुरा केला जातो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. तास मोजणं सोडा आणि माणूस मशीनवर काय करतो ते मोजा.

पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या पॉवर प्रेसचंच बघा. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, लाइट कर्टनमध्ये (प्रेससमोरच्या प्रकाशकिरणांच्या पडद्यात) हात आला की प्रेस थांबतो, हे सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या की रेकॉर्ड पूर्ण. पण पार्ट डायमध्ये (साच्यात) अडकल्यावर तो माणूस मोटर बंद करून, वरचा भाग खाली येऊ नये म्हणून सेफ्टी ब्लॉक लावून चिमट्याने पार्ट काढतो, की घाईत तसाच हात घालतो? बोटं जातात ती तिथे. आणि ते कळायला शिफ्टमध्ये त्याच्याजवळ उभं राहावं लागतं.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे तपासायच्या चार पायऱ्या अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडल्या होत्या: प्रशिक्षण आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, कामाच्या निकालात फरक पडला का. फीडबॅक फॉर्म भरून घेतला की आपण पहिल्या पायरीवरच थांबतो.

एचआर_भोसरी
अजिबात पटलं नाही. तास मोजणं बंद झालं तर पहिला फटका कंत्राटी पोरांना बसेल. डिस्पॅच मागे पडला की सगळ्यात आधी ट्रेनिंग रद्द होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. तासांचा आकडा दर महिन्याला वरिष्ठांकडे जातो, म्हणून तर मला प्लांट हेडसमोर अडून बसता येतं.

सेबीचा बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल, २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बंधनकारक झाला. सुरक्षा आणि कौशल्यवाढीचं प्रशिक्षण किती जणांना मिळालं, हे त्यात कर्मचारी आणि कामगार वेगळे, स्त्री-पुरुष वेगळे असं द्यावं लागतं. मी आधी होते तिथे पॅकिंगमधल्या बायकांना कौशल्यवाढीचं एकही ट्रेनिंग मिळालेलं नव्हतं. ते उघड झालं, कारण तो रकाना रिकामा राहिला. मोजलंच नसतं तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

आणि तुमचं ते 'मशीनवर बघून मोजा' शेवटी स्किल मॅट्रिक्सवरच (कुणाला कोणतं काम किती येतं, ते गोल भरून दाखवणारा तक्ता) जाणार ना? तो कोण भरतो? ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझर एका जागी बसून सगळे गोल काळे करतो.

क्वालिटीवाला
आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या कलम ७.२ मध्ये तासांचा उल्लेखही नाही. माणूस सक्षम हवा, त्यासाठी जे केलं त्याचा उपयोग झाला का ते तपासा आणि सक्षमतेचा पुरावा ठेवा, एवढंच त्यात आहे. तासांचा तक्ता हा तो पुरावा नव्हे.

मॅट्रिक्स खोटा भरला जातो हे मान्य. आम्ही त्यावर एक केलं. पाव, अर्धा, पाऊण गोल दुसऱ्या लाइनचा सुपरवायझर काम बघून देतो. पूर्ण गोल म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. तो मिळायचा तर त्याने शिकवलेल्या नव्या माणसाचा पार्ट गेजमध्ये (माप तपासायच्या साधनात) बसला पाहिजे. पूर्ण गोल एकदम कमी झाले, पण आता त्या बोर्डावर भरवसा ठेवून शिफ्ट लावता येते.

तालुका_कचेरी
सरकारी बाजू. २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं मिशन कर्मयोगी मंजूर झालं, आता त्याच्या आयगॉट या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स मोबाइलवर करता येतात. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे वरून कुणाची निवड होईल तेव्हा. त्यामुळे किती कोर्स झाले हे मोजण्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त व्हिडिओ चालू ठेवून फायली हातावेगळ्या करणारेही मी रोज बघतो.

प्रेसशॉप_चाकण
@एचआर_भोसरी, रिकाम्या रकान्याचा मुद्दा बिनतोड आहे. कुणाला ट्रेनिंग मिळालंच नाही हे शोधायला तास ठेवा. पण माणूस तयार झाला, असं त्या आकड्यावरून अहवालात लिहू नका. भाषा हिंदी की ओडिया हेही न विचारता इंग्रजी स्लाइड दाखवल्या, तरी तास तेवढेच भरतात.

एचआर_भोसरी
हे लिहिणं मी थांबवू शकते. पण दुसऱ्या लाइनवर जाऊन काम बघायचं तर त्या सुपरवायझरचा अर्धा दिवस जातो. तो त्याच्या उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा होणार आहे का? @क्वालिटीवाला, तुमच्याकडे होतो का? होत असेल तर कुणाच्या सहीने, ते सांगा. मला इथे तेच मंजूर करून घ्यायचं आहे.